सूत्रधाराची शपथ

कुणी विश्वासाने सांगितलेले गुपित जपणे अवघड असले, तरी त्याची वाट सरळ असते. ज्याचे ते असते त्याला विचारता येते. परंतु जे कुणी सांगितले नाही, केवळ आपले डोळे उघडे होते म्हणून दिसले, आणि जे न सांगण्याचे वचन आपण पाहण्याच्या आधीच देऊन बसलो, त्यावर आपला अधिकार किती, आणि त्याचा आपल्यावरचा भार किती? हा प्रश्न माझ्यापुढे कोणत्या ग्रंथातून आला नाही. पणजीच्या एका सभागृहात, भर दुपारी, पडदे ओढून अंधार केलेल्या खोलीत तो आला. आणि त्याचे उत्तर देण्यास मला सूर्य मावळेपर्यंतचाच अवकाश होता.

"आबा, पाय जरा आत घ्या, दार लावते," मुक्ता म्हणाली, आणि माझ्या मांडीवर एक जड खोका ठेवून तिने गाडीचे दार ओढून घेतले. "आणि हा आडवा करू नका हं. आतल्या सोंगट्या एकमेकांत मिसळतात."

तान्हे मूल धरावे तसा तो खोका मी उभा धरला. गाडीत प्रत्येकाच्या मांडीवर तसाच एकेक खोका होता. कोल्हापूर नुकतेच उजाडले होते.

मुक्ता माझी नात. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, पुढे तिची आजी गेली, आणि मी घराबाहेर पडेनासा झालो, तेव्हा या मुलीने मला धरून दर रविवारी उदयराव शिरगावकरांच्या घरी नेण्यास आरंभ केला. उदयराव पंचेचाळिशीचे, शहरात त्यांचा छापखाना होता. त्यांच्या बैठकीच्या खोलीत रविवारी पटावरचे खेळ मांडले जात. आमच्या बाळपणी सारीपाट होता तसे, पण देशोदेशींचे, चित्रांनी नटलेले, नियमांच्या पुस्तिका असलेले. उदयराव स्वतः गाडी घेऊन प्रत्येकाला त्याच्या दारातून आणत आणि खेळ संपल्यावर दारात सोडत. दरवर्षी जानेवारीत पणजीला या खेळांचे संमेलन भरे. तरुण मंडळी त्याला कन्व्हेन्शन म्हणत. त्या वर्षी मलाही त्यांनी दारातून उचलले होते.

गाडी उदयराव चालवीत. डाव्या हाताला, पुढच्या आसनावर, त्यांच्या पत्नी मृणालताई. मागे मी, मुक्ता, आणि इचलकरंजीच्या सूतगिरणीत काम करणारा तुषार माळी, ज्याची जीभ त्याच्याही आधी जागी होत असे.

"तो बघा डावीकडे उसाचा ट्रॅक्टर," मृणालताई सांगत होत्या. "केवढा लादलाय! हलतोय नुसता. आणि उजवीकडून ती पांढरी गाडी घुसतेय बघा. काय घाई असते एकेकाला."

"वहिनी, तुमची आकाशवाणी बंद करा की जरा," तुषार डोळे मिटूनच म्हणाला. "झोप लागंना आमाला."

"झोपायचं होतं तर घरी राहायचं होतंस. आईनं पंखा लावून दिला असता."

"राहू दे रे तुषार," उदयराव हसले. "तिचं तोंड थांबलं की मला गाडी बंद पडल्यासारखं वाटतं."

आजरा मागे टाकून आंबोलीचा घाट उतरू लागलो. ऊन वर आले होते. एका वळणावर मृणालताई एकाएकी ओरडल्या, "शेळ्या! डावीकडे शेळ्या!"

ब्रेक कर्कश वाजले. माझ्या मांडीवरचा खोका पुढच्या आसनावर आदळला आणि आतल्या सोंगट्या खळखळल्या. तुषारने छाती धरली.

"वहिनी, त्या शेळ्यांच्या मालकानं तुमचा सत्कार केला पायजे."

सगळे हसले. उदयराव हसले नाहीत. गाडी थांबल्यावर त्यांनी मान पूर्ण वळवून डावीकडे पाहिले. शेळ्या तोवर रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या होत्या. मी ते पाहिले, आणि पाहून सोडून दिले.

संमेलनाचे सभागृह मांडवी नदीच्या जवळ होते. एखाद्या जत्रेचे असावे तसे ते भरलेले, पण जत्रेतला गोंगाट तिथे नव्हता. शेकडो माणसे टेबलांभोवती वाकून हलक्या आवाजात बोलत होती. ज्या टेबलाला गडी कमी पडे तिथे एक लहानशी लाल पताका उभी करत, आणि ती पाहून कुणीही अनोळखी माणूस येऊन बसे. नाव नंतर विचारत. आधी पत्ते वाटत. चिवड्याच्या बशीत चिनी जेवणाच्या काड्या खोचलेल्या असत, कारण तेलाचे बोट पत्त्याला लागणे हे तिथे महापातक होते. एक गृहस्थ दोन काड्यांत एकेक शेंगदाणा धरून इतक्या एकाग्रतेने खात होते की मला आमच्या पाठशाळेतील आचमनाची आठवण झाली.

पहिल्याच दिवशी मी एक खेळ बुडवला. त्या खेळात वर्तुळात बसलेली माणसे म्हणजे एक गाव. दोघांना गुपचूप लांडग्याचे पत्ते येतात. सूत्रधार 'रात्र झाली' म्हणाला की सर्वांनी डोळे मिटायचे. मग केवळ लांडग्यांनी डोळे उघडायचे, आणि एक शब्दही न बोलता, एकमेकांना स्पर्श न करता, बोटाने दाखवून बळी ठरवायचा. दिवस उगवला की गावाने वाद घालून लांडगे ओळखायचे. मला लांडग्याचा पत्ता आला. कुणीतरी सहज विचारले, "आजोबा, तुम्ही लांडगा आहात का?"

मी म्हणालो, "होय."

"गुरुजी," तुषारने कपाळाला हात लावला, "तुमच्यासंगं खेळायचं म्हणजे आपणहून चौकीवर जाऊन हजर व्हायचं."

ही गोष्ट सभागृहभर झाली. त्यामुळे शेवटच्या दुपारी समारोपाचा खेळ मांडला गेला, तेव्हा आयोजकबाई मला शोधत आल्या. त्या खेळाला गावोगावची माणसे एकत्र बसत, आणि सूत्रधार कोण होणार याला मान असे. सूत्रधाराला खोटे बोलावे लागत नाही. तो केवळ रात्र आणि दिवस सांगतो. त्याचे डोळे मात्र सतत उघडे असतात.

"खोक्यावर हात ठेवा गुरुजी," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे शपथ असते. रात्री जे दिसेल ते दिवसा सांगायचं नाही. कुणाला नाही, कधी नाही."

मी हात ठेवला आणि ते शब्द उच्चारले. मी आयुष्यात शपथा फार घेतलेल्या नाहीत. ज्या घेतल्या त्या हसण्यावारी नेल्या नाहीत.

पडदे ओढले गेले. दोनच मंद दिवे ठेवले. बारा-पंधरा माणसांचे वर्तुळ माझ्यापुढे बसले, आणि योगायोगाने लांडग्यांचे पत्ते शेजारी शेजारी बसलेल्या उदयराव आणि मृणालताई या पतिपत्नींना गेले.

"रात्र झाली," मी म्हणालो. "गावाने डोळे मिटावेत."

सर्वांनी मिटले. मिटल्या डोळ्यांचे चेहरे किती उघडे असतात हे मला तेव्हाच कळले.

"लांडग्यांनी डोळे उघडावेत."

मृणालताईंनी डोळे उघडले, उदयरावांनीही. मृणालताईंनी समोरच्या एका मुलीकडे बोट केले आणि पतीच्या होकारासाठी त्यांच्याकडे पाहिले. उदयराव समोरच पाहत राहिले. त्यांची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर अशी सरकत होती, जशी अंधारात भिंत चाचपणारी बोटे. मृणालताईंनी हात थोडा हलवला. मग त्यांच्या खांद्याशी नेला. मग अगदी गालाजवळ, वीतभर अंतरावर, त्या तो हात वरखाली हलवीत राहिल्या. उदयरावांची पापणीही लवली नाही.

मृणालताईंनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे खेळातले नव्हते.

मग त्यांनी टेबलाखाली पाय सरकवून पतीच्या पायावर दाबला. उदयरावांनी एकदम, मान पूर्ण वळवून, डावीकडे पाहिले. घाटात पाहिले होते तसेच. तेव्हा त्यांना हात सापडला. त्यांनी मान डोलावली.

वर्तुळात कुणीतरी मिटल्या डोळ्यांनीच खाकरले, तेव्हा मी म्हणालो, "लांडग्यांनी डोळे मिटावेत."

दुसऱ्या रात्रीही तेच घडले. आणि दिवस उगवताच तुषार उठून उभा राहिला.

"थांबा. मला चपलेचा आवाज आला. दोन्ही खेपेला, वहिनींच्या बाजूनं. पाय मारून खुणा चालल्यात. हे चालतंय व्हय इथं?"

या मंडळींत हरण्याला लाज नव्हती, पण पत्ता चोरणाऱ्या वा खुणा करणाऱ्या माणसाच्या टेबलावर पुन्हा कुणी बसत नसे. बंगळूरहून आलेल्या एकाने आपले पत्ते पालथे ठेवले.

"काहीतरीच काय तुषार," उदयराव म्हणाले, पण त्यांच्या आवाजात बळ नव्हते.

"काहीतरी असंल तर गुरुजींना इचारू की. गुरुजींनी बघितलंय. गुरुजी, वहिनींनी पाय मारला का न्हाई?"

सर्व चेहरे माझ्याकडे वळले. मृणालताई तेवढ्या खाली पाहत होत्या.

"सूत्रधाराने रात्रीचे दिवसा सांगायचे नाही," मी म्हणालो. "मी शपथ घेतली आहे."

"अहो, पण 'नाही' म्हणायला काय शपथ लागतीय?"

आयोजकबाईंनी खेळ तिथेच थांबवला आणि पडदे उघडले. बाहेरचे ऊन आत आले. ते मला तिरपे वाटले.

मृणालताई मागच्या व्हरांड्यात एकट्या उभ्या होत्या. मी जवळ गेलो, तेव्हा त्यांनी वळून न पाहताच विचारले, "कळलं ना तुम्हाला?"

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, दृष्टीची कड झिजत चाललीय. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. उजेड उतरला की समोरचंही जातं. गाडी चालवायची नाही असं तेव्हाच सांगितलंय त्यांनी."

"आणि तरी?"

"मी असते ना शेजारी. मी सांगते सगळं."

त्यांची बडबड, ट्रॅक्टर, पांढरी गाडी, शेळ्या, सारे माझ्या कानांत पुन्हा एकदा वाजून गेले.

"ताई, आज उजेड आहे तोवर आपला घाट चढून होणार नाही."

"दुपारी जेवून निघायचं ठरलं होतं हो," त्यांचा आवाज फाटला. "बक्षिसं लांबली. तो खेळ लांबला. मी सकाळपासून सांगतेय, निघू या. ते म्हणतात, सगळ्यांचं झाल्याशिवाय कसं निघायचं."

"त्यांनी तुषारला गाडी का देऊ नये? तो तर चालवतो."

मृणालताईंनी पदराने डोळे टिपले. "गुरुजी, त्यांना वाटतं, आपण आणायला गेलो नाही तर आपल्याकडे कुणी येणार नाही. माणसं गाडीतून येतात, म्हणून येतात. तसं म्हणत नाहीत ते. पण मला माहिती आहे. रविवारी दुपारी तुम्ही सगळे दारातून आत आलात की त्यांचा चेहरा बघा एकदा."

मी गाडीकडे गेलो. उदयराव समोरची काच पुसत होते. स्वच्छ काच पुन्हा पुन्हा.

"या गुरुजी. आज तुम्ही खिडकीशी बसा. मधे धक्के बसतात तुम्हाला."

"उदयराव, गाडी आज तुषारला चालवू द्या."

त्यांचा हात काचेवर थांबला. "मृणाल बोलली?"

"आधी मी पाहिले. मग त्या बोलल्या."

"कधी पाहिलंत?"

"रात्री."

ते हसले. ते हसणे ऐकून मला भीती वाटली. "मग झालं तर. रात्रीचं दिवसा बोलायचं नाही. खोक्यावर हात ठेवलात तुम्ही."

"ठेवला. म्हणून तर तुमच्याशी एकट्याशी बोलतो आहे. ज्याचे आहे त्याला सांगितल्याने शपथ मोडत नाही, असे मी समजतो."

"रस्ता मला पाठ आहे, गुरुजी. वळणन् वळण."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावर जे येते ते कसे पाठ होणार?"

"आजवर एक ओरखडा नाही या गाडीला!"

"शेजारी मृणालताई होत्या."

त्यांनी फडके बॉनेटवर आपटले. "तुम्ही पाहुणे आहात, गुरुजी. मुक्ताच्या आग्रहासाठी आणलं तुम्हाला. माझी गाडी, माझी माणसं. मी बघून घेईन."

"तुम्ही मला माझ्या दारातून उचलून आणलेत, हे मी विसरलेलो नाही," मी म्हणालो. "तुम्ही आपण होऊन किल्ली दिलीत, काहीही कारण सांगून दिलीत, तर माझ्या तोंडून शब्द जाणार नाही. परंतु गाडी तुम्ही सुरू केलीत, तर मी शपथ मोडीन. सर्वांसमोर, इथेच."

"धमकी देताय?"

"वेळ देतो आहे."

त्यांनी काही म्हणण्याआधी तुषार आणि मुक्ता खोके घेऊन आले, मागोमाग मृणालताई. खोके रचले गेले. मृणालताई त्यांच्या नेहमीच्या आसनावर बसल्या. नदीपलीकडचे आकाश तांबूस होऊ लागले होते.

"चढा गुरुजी," तुषार म्हणाला. "घाटात धुकं धरायच्या आत वर पोचू."

"मी बसणार नाही."

"म्हणजे?"

"या गाडीत, आत्ता, मी बसणार नाही. मुक्ता, तूही बसू नकोस."

"आबा, काय झालं? बरं नाही का वाटत?" मुक्ताने माझा दंड धरला. "सगळे थांबलेत. असं काय करताय?"

मी उदयरावांकडे पाहत होतो. किल्ली त्यांच्या मुठीत होती. क्षणभर मला वाटले की ते बोलतील. डोके दुखते म्हणतील, कंटाळा आला म्हणतील. तेवढ्याने भागले असते.

परंतु बोलला तुषार.

"माझ्या ध्यानात आलं," तो सावकाश म्हणाला. "गुरुजी खोटं बोलत न्हाईत आणि शपथबी मोडत न्हाईत. म्हणून नुसतं उभं राहिल्यात. फसवणाऱ्यांच्या गाडीत बसायचं न्हाई त्यांना."

"तुषार, तसे नाही."

"मग कसं? सांगा की."

मला सांगता येईना. ज्या मौनाने मी त्या दोघांना झाकू पाहत होतो, तेच मौन आता सर्वांना निवाडा वाटत होते, आणि मी जितका गप्प राहीन तितका तो निवाडा पक्का होत होता.

तुषार पुढच्या खिडकीशी गेला. त्याच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण अधिक होते. "वहिनी, आपण हरलो असतो तर काय बिघडलं असतं ओ? इतकी वर्सं तुमच्या हातचं खाल्लं मी. सगळ्या गावापुढं आपल्या कोल्हापूरची..." त्याने हातात उरलेला शेवटचा खोका छातीशी आवळला. "मारला का न्हाई पाय?"

"मारला," मृणालताई म्हणाल्या. "जिंकायचं होतं मला. त्यांना काही माहीत नव्हतं. चुकलं माझं."

त्या इतक्या स्थिरपणे बोलल्या की ज्याने काही पाहिले नव्हते त्याला ते पटलेच असते. मुक्ताने मान खाली घातली. मी तोंड उघडले. शपथ मोडण्याचा क्षण तो हाच, असे मला वाटले.

"मृणाल, पुरे," उदयराव म्हणाले.

ते गाडीला वळसा घालून पुढे आले आणि तुषारच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, नदीकडे तोंड करून उभे राहिले.

"तुषार, तुझ्या हातात काय आहे?"

"हातात? खोका आहे. का ओ?"

"मी समोर बघतोय. तुझा खोका मला दिसत नाही. हात दिसत नाही. तू आहेस हे आवाजावरून कळतं. हिनं माझ्या गालाशी हात हलवला, आणि तो मला दिसला नाही. म्हणून पाय मारला. जिंकायला नाही."

जवळून एक स्कूटर गेली.

"म्हणजे... येताना त्या शेळ्या..." तुषार म्हणाला.

"हो."

"आणि वहिनींची ती सगळी..."

"हो रे."

तुषारने खोका जमिनीवर ठेवला. आडवा ठेवला, ते त्याच्या ध्यानातही आले नाही.

बोलली ती मुक्ता. "काका, आम्ही सगळे गाडीत होतो. आबा होते. तुम्हाला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आणि तुम्ही आम्हाला खाली घाटातून आणलंत?"

"हो," उदयराव म्हणाले. त्यांनी त्यापुढे एकही शब्द जोडला नाही. मृणालताई गाडीतून उतरून त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या, आणि त्यांनीही जोडला नाही.

मग उदयरावांनी किल्ली बॉनेटवर ठेवली. तिच्यावरचा हात त्यांना लगेच उचलता आला नाही. तुषारने पत्त्यांना हात लावण्यापूर्वी पुसावेत तसे आपले दोन्ही तळवे पँटला पुसले, आणि तो हात उचलला जाण्याची वाट पाहत उभा राहिला.

"पुढच्या रविवारी आणायला येता येणार नाही मला," उदयराव किल्ली सोडताना म्हणाले.

"आमाला पाय न्हाईत व्हय?" तुषार जवळजवळ ओरडलाच. "इचलकरंजीवनं यष्टी असतीय की. मुक्ता गुरुजींना रिक्षातनं आणंल. तुमी न्यायला येताय म्हणून येतोय का काय आमी? तुमाला काय वाटलं? इतकी वर्सं..." त्याने किल्ली उचलली. "बसा. बसा सगळी. मागं बसा तुमी."

मी बसलो.

परतीच्या प्रवासात मुक्ता खिडकीकडे तोंड करून बसली होती; तिचा राग गेलेला नव्हता, आणि मी तिला तो सोडण्यास सांगितले नाही. तो न्याय्य होता. दाणोलीला चहासाठी थांबलो, तेव्हा अंधार पडला होता. घाटात धुके होतेच. दिव्यांच्या उजेडात ते भिंतीसारखे पुढे उभे राही, आणि तुषार पुढे वाकून, ओठ घट्ट मिटून, पायी चालावे तशी गाडी चढवीत होता.

एका वळणावर डावीकडच्या धुक्यातून एक ट्रक निघाला. त्याचा एकच दिवा जळत होता, आणि तो पलीकडच्या बाजूचा. आम्हांला त्याची काळी कड दिसली ती अगदी अंगावर आल्यावर. तुषारने गाडी कड्याच्या बाजूला दाबून थांबवली. ट्रक इतक्या जवळून गेला की आमचा आरसा थरथरला. मग त्याचा आवाज खाली खाली जात नाहीसा झाला.

गाडीत प्रत्येकाने एकच विचार केला, हे मला ठाऊक आहे.

"काय होतं?" उदयरावांनी मागून विचारले.

"ट्रक," मृणालताई म्हणाल्या.

उदयरावांनी अंधारात दोन्ही हातांनी तोंड झाकले. मुक्ताने प्रथमच मान वळवली. तिने पाण्याची बाटली उघडली आणि त्यांच्या बोटांना लागेल अशी धरली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. पुढच्या संमेलनाला आम्ही सारे बसने गेलो. समारोपाच्या आधी उदयराव स्वतः उभे राहिले आणि आदल्या वर्षीच्या खेळातल्या त्या रात्री काय घडले ते त्यांनी सर्व मंडळींना सांगितले, बंगळूरच्या त्या गृहस्थांसह. नंतर मला म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही मोकळे." म्हणूनच हे लिहिता आले.

परंतु माझ्या मनात राहिली आहे ती त्या परतीच्या दिवसाची अखेर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. घरोघरी निजानीज झाली होती. मी उतरलो, तसे मागचे दार उघडून उदयरावही उतरले आणि नमस्कारासाठी वाकले. गल्लीतला दिवा क्षीण होता. त्यांचे हात जमिनीवरून माझी पावले शोधीत एका बाजूला चालले होते. मी पाऊल सरकवून त्यांच्या हातांखाली ठेवले.

मला अनेक आशीर्वाद पाठ आहेत. त्या वेळी त्यांतला एकही आठवला नाही. मी त्यांच्या मस्तकावर हात ठेवला, मागे उभ्या असलेल्या मृणालताईंकडे आणि चाक धरून बसलेल्या तुषारकडे पाहिले, आणि म्हणालो,

"तुमच्या दारी माणसे येत राहोत."